ऑनलाइन एमबीएला स्पेशलायझेशन कोणतं घेऊ? ऑपरेशन्स, फायनान्स की अ‍ॅनालिटिक्स (नोकरी चालू ठेवून, चाकण)

चाकणचा_क्यूए:

नमस्कार मंडळी. मी मेकॅनिकलवाला, आधी डिप्लोमा मग नोकरी करत करत बीई, सध्या चाकणला एका टियर-टू (म्हणजे मोठ्या सप्लायरला माल देणाऱ्या) कंपनीत क्वालिटीला आहे, वय ३२, मुलगी अडीच वर्षांची. आमच्याकडे प्रेस पार्ट आणि वेल्डेड असेंब्ली बनतात आणि माझं रोजचं काम म्हणजे लाईन रिजेक्शन, पीपीएपीची (पार्ट मंजूर करून घ्यायची) कागदपत्रं, कस्टमर कंप्लेंट आली की एट-डी (कारण शोधून उपाय लिहायचा फॉर्म) भरा, ऑडिट आलं की बाकी सगळं सोडून ऑडिट. काम आवडतं पण मॅनेजरच्या पोस्टला एमबीए हवंच असं आता आमच्या एचआरने लिहूनच टाकलंय, त्यामुळे ऑनलाइन एमबीए करायचं नक्की केलंय. करावं की नाही हा प्रश्न नाहीये, प्लीज त्यावर लिहू नका, घरात त्यावर भरपूर झालंय.

प्रश्न स्पेशलायझेशनचा आहे. ब्रोशर उघडलं की डोकं गरगरतं. मार्केटिंग, फायनान्स, एचआर, ऑपरेशन्स हे ओळखीचं, पण आता बिझनेस अ‍ॅनालिटिक्स, डिजिटल मार्केटिंग, फिनटेक, एआय, इंटरनॅशनल बिझनेस, हेल्थकेअर, काय वाट्टेल ते आहे. एका ठिकाणच्या काउन्सेलर मॅडमचे रोज फोन, सर आजच सीट ब्लॉक करा उद्या डिस्काउंट संपतोय. मी विचारलं अ‍ॅनालिटिक्समध्ये नक्की शिकवता काय, तर म्हणाल्या सर डेटा. म्हटलं डेटाचं काय, तर म्हणाल्या सर फ्यूचर आहे डेटाला. वर परत ड्युअल स्पेशलायझेशन घ्या म्हणजे दोन्ही होऊन जाईल, थोडेच जास्त पैसे.

मित्र म्हणतो ऑपरेशन्स घे, तुझं रोजचंच काम आहे, सोपं जाईल. बायको म्हणते जे सोपं जाणार ते शिकायला लाख-दीड लाख कशाला भरतोयस. पॉइंट आहे.

दुसरं म्हणजे पहिल्या वर्षी कोर्सवर्कमध्ये काय काय असतं ते कोणीतरी सरळ भाषेत सांगा. अकाउंट्स मला शून्य येतं, डेबिट म्हणजे आमच्याकडे डेबिट नोट (खराब मालाचे पैसे कस्टमर कापतो तो कागद) एवढंच माहिती आहे, ती आली की माझी हजेरी लागते. आणि शिफ्ट रोटेशनमध्ये आहे, थर्ड शिफ्टच्या आठवड्यात घरी येऊन झोपण्यापलीकडे काही होत नाही.

-----

नाशिकचा_इग्नूवाला:

मी इग्नूचं एमबीए केलंय, म्हणजे तुझ्या अर्थाने ऑनलाइन नाही, डिस्टन्स, पण नोकरी सांभाळून करायचं तर सगळं सारखंच आहे म्हणून सांगतो.

एकूण ११६ क्रेडिट, २८ कोर्स. पहिल्या दोन सेमिस्टरमध्ये सगळ्यांना सगळं सारखंच, तू एचआरवाला असो की फायनान्सवाला. मॅनेजमेंट फंक्शन्स, एचआर, बिझनेस एन्व्हायर्नमेंट, अकाउंटिंग फॉर मॅनेजर्स, क्वांटिटेटिव्ह अ‍ॅनालिसिस, मार्केटिंग, बिझनेस कम्युनिकेशन हे पहिल्या सेमला. मग इन्फर्मेशन सिस्टिम्स, मशीन्स अँड मटेरियल्स, मॅनेजेरियल इकॉनॉमिक्स, स्ट्रॅटेजी, बिझनेस लॉ, फायनान्शियल मॅनेजमेंट वगैरे दुसऱ्याला. स्पेशलायझेशनचे पेपर येतात ते तिसऱ्या सेमला, पाच पेपर. अठ्ठावीसातले पाच. लोक वर्षभर डोकं खाजवतात ते या पाचांसाठी आणि ज्या वीस-बावीस पेपरात नापास होतात त्यांची चौकशी कोणी करत नाही.

सगळ्यात जास्त बॅकलॉग मी बघितले ते क्वांटिटेटिव्ह आणि अकाउंटिंगमध्ये, त्यातही कॉमर्स नसलेल्यांचे अकाउंटिंगमध्ये आणि कॉमर्सवाल्यांचे क्वांटिटेटिव्हमध्ये. तू क्वालिटीवाला आहेस तर स्टँडर्ड डेव्हिएशन, नॉर्मल कर्व्ह तुला ऐकून माहिती असणार. अकाउंट्सला मात्र बस. अकरावी-बारावीची अकाउंट्सची पुस्तकं आण कुठूनतरी, जर्नल-लेजर-ट्रायल बॅलन्स एकदा हाताने कर, मग बॅलन्स शीट वाचता येते. व्हिडिओ बघून अकाउंट्स येत नाही, कितीही बघ.

वेळेचं गणित पण ऐक, कारण कोणी काउन्सेलर सांगणार नाही. एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास असं धरलेलं आहे. चार क्रेडिटचा पेपर १२० तास, सेमला सात पेपर म्हणजे ८४० तास, आणि सेमिस्टर असतं २६ आठवड्यांचं, म्हणजे आठवड्याला ३२ तास होतात. कारखान्यात शिफ्ट करणारा कोणता माणूस आठवड्याला ३२ तास बसणार, कोणी बसत नाही, पण निदान निम्मं तरी लागतं. म्हणून कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त चार असं जे दिलेलं असतं त्यातल्या चारकडे लाजू नकोस. जून आणि डिसेंबर दोनदा परीक्षा असते, सगळे पेपर एकदम द्यायची सक्ती नाही. असाइनमेंटला ३० टक्के, परीक्षेला ७०. फी साठ-पासष्ट हजारांच्या घरात, म्हणजे तुझ्या बायकोचं बजेट निम्म्यावर आलं.

फॉर्म भरताना प्रोग्राम कोड नीट बघ, साधं एमबीए आणि नावातच स्पेशलायझेशन असलेलं एमबीए असे वेगवेगळे आहेत.

-----

पिव्होट_टेबल:

मी प्रायव्हेट युनिव्हर्सिटीतून ऑनलाइन एमबीए बिझनेस अ‍ॅनालिटिक्स केलंय, हिंजवडीत आहे, नाव सांगत नाही कारण जे लिहिणार आहे ते चांगलं नाहीये.

क्यूए भाऊ, मॅडमना तू एकदम बरोबर प्रश्न विचारलास. आमच्याकडे पायथन होतं. म्हणजे रेकॉर्डेड व्हिडिओ होते ज्यात सर पायथन टाइप करताना दिसायचे. परीक्षेला काय, तर डिस्क्रिप्टिव्ह, प्रेडिक्टिव्ह आणि प्रिस्क्रिप्टिव्ह अ‍ॅनालिटिक्समधला फरक सांगा, दहा मार्क. असाइनमेंट बहुपर्यायी प्रश्नांची, पोर्टलवर चार गोल, एकावर क्लिक. पूर्ण दोन वर्षांत मला एकदाही कोणी कोडची फाईल अपलोड कर म्हणालं नाही. सगळीकडे असंच असेल असं नाही म्हणत, माझ्या ऑफिसातल्या एकीला दुसऱ्या ठिकाणी खराखुरा डेटासेट देऊन रिग्रेशन करून रिपोर्ट मागितला होता, तिचं आणि माझं डिग्रीवरचं नाव एकच.

म्हणून अ‍ॅनालिटिक्स घेणार असशील तर दोन गोष्टी माग, सिलॅबसची पूर्ण पीडीएफ (युनिटवार, ब्रोशर नव्हे) आणि गेल्या सेमच्या असाइनमेंटचा एक नमुना. नमुन्यात फाईल जमा करायची असेल तर ठीक. गोल असतील तर एसक्यूएल आणि पॉवर बीआय (डेटा काढायची आणि मांडायची साधनं) तू स्वतः शिक, स्वयम-एनपीटीईएल या सरकारी पोर्टलवर चांगले कोर्स आहेत, शिकायला फुकट, सर्टिफिकेटची परीक्षा द्यायची तर हजार रुपये.

आणि तुला एक सांगू का, तू सीपीके (प्रोसेस मापात किती बसते तो आकडा) काढतोस ना? कंट्रोल चार्टवर सलग सात पॉइंट मधल्या रेषेच्या एका बाजूला गेले की लाईन थांबवून बघतोस ना? आमच्या बॅचच्या अर्ध्या पोरांना एवढं स्टॅट्स शेवटपर्यंत कळलेलं नव्हतं.

-----

हिशेबनीस:

भोसरीत कॉस्टिंगला आहे, अठरा वर्षं झाली, सीएमए इंटर (कॉस्ट अकाउंटंटची मधली परीक्षा). मी जे सांगणार ते या धाग्यावर कोणाला आवडणार नाही पण क्वालिटीवाल्याने फायनान्सच घ्यावं.

क्यूए, तू लिहिलंयस डेबिट नोट आली की तुझी हजेरी लागते. तीच डेबिट नोट घेऊन बस. समज १४० रुपयांचा पार्ट आहे आणि कस्टमरकडे ५०० नग रिजेक्ट झाले. तुझ्या रिपोर्टमध्ये ते ५०० नग असतात, पीपीएम (दहा लाखांत किती खराब) असतं. माझ्याकडे ७०,००० चा माल, वर कस्टमरच्या गेटवर सॉर्टिंगला उभी केलेली एजन्सीची पोरं त्यांचं बिल, रात्री टेम्पोने पाठवलेल्या बदली मालाचं भाडं, कस्टमरची लाईन थांबली तर तिचे पैसे, आणि परत आलेला माल स्क्रॅपच्या भावाने. साहेब कोणता आकडा बघून मीटिंग बोलावतात? तुझा नाही. मी इतक्या वर्षांत एकही क्वालिटी मॅनेजर बघितला नाही जो ही बेरीज स्वतः करून मीटिंगला आला, सगळे माझ्याकडून घेतात, आणि मग माझ्या आकड्यावर भांडतात.

फायनान्समध्ये वर्किंग कॅपिटल नावाचा पेपर असतोच असतो. त्यात काय, तर माल किती दिवस पडून राहतो, गिऱ्हाईक किती दिवसांनी पैसे देतं आणि आपण सप्लायरला किती दिवसांनी देतो. माल ४५ दिवस, येणं ६० दिवस, देणं ३० दिवस धरा, म्हणजे ७५ दिवस तुमचे पैसे अडकलेत, त्यावर बँकेचं व्याज. तुझ्या क्वारंटाइन रॅकवर जो माल ‘डिसिजन पेंडिंग’ची पट्टी लावून महिना महिना पडतो तो या ४५ मध्ये बसलाय. आणि देण्याच्या बाजूला तर २०२३-२४ पासून इन्कम टॅक्सचं ४३बी(एच) आलंय, मायक्रो-स्मॉल सप्लायरला करार असेल तर ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी मान्यच होत नाही, प्रत्यक्ष पैसे देशील त्या वर्षी. आमच्या परचेसवाल्यांची मार्च महिन्यातली धावपळ तेव्हापासून बघण्यासारखी असते.

कॅपिटल बजेटिंग पण आहे. तुला व्हिजन इन्स्पेक्शनचा कॅमेरा हवा असतो, २५ लाखांचा, तू प्रपोजल लिहितोस ‘क्वालिटी इम्प्रूव्ह होईल’. हो होईल, पण किती वर्षांत पैसे सुटतील ते लिही की. एनपीव्ही (पुढे येणाऱ्या पैशांची आजची किंमत वजा खर्च) काढायला दहावीचं गणित पुरतं.

-----

चाकणचा_क्यूए:

@हिशेबनीस सर, तो कॅमेरा आमच्याकडे खरंच तीन वर्षं अडकलाय, तुम्हाला कसं कळलं 😄 आणि क्वारंटाइन रॅकचं वाचून जरा लागलं.

पण एक विचारतो, ज्याला बॅलन्स शीट वाचता येत नाही त्याने फायनान्स स्पेशलायझेशन घेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात नाही का? पोर्टफोलिओ मॅनेजमेंट, सिक्युरिटी अ‍ॅनालिसिस असले पेपर पण दिसतायत सिलॅबसमध्ये. शेअर बाजाराचं मी काय करणार.

-----

हिशेबनीस:

काही नाही करणार, पास होशील. पाचात दोन पेपर तुझ्या कामाचे नसणार हे कुठल्याही स्पेशलायझेशनला धरूनच चाल.

-----

पंप_आणि_व्हॉल्व्ह:

हिशेबनीस काकांशी मी कडाडून असहमत. (काका म्हणजे आदराने हो.) किर्लोस्करवाडीकडचा आहे, प्लॅनिंगला, एमबीए ऑपरेशन्स.

‘ऑपरेशन्स तुला येतंच’ हे जे सगळे म्हणतात ना तो मोठा गैरसमज आहे. शॉपफ्लोअरवर राहून तुम्हाला तुमची लाईन येते. ऑपरेशन्स रिसर्च, प्रोजेक्ट मॅनेजमेंट, मटेरियल्स, लॉजिस्टिक्स-सप्लाय चेन, यातलं क्वालिटीच्या माणसाला काय येतं? एट-डी येतं. तेही ‘ऑपरेटरला ट्रेनिंग दिले’ एवढंच.

उदाहरण देतो. इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी, म्हणजे एका वेळी किती नग मागवले की खर्च सगळ्यात कमी. वर्षाला १२,००० नग लागतात, एक ऑर्डर काढायचा खर्च ६०० रुपये, एक नग वर्षभर सांभाळायचा खर्च १० रुपये. दोन गुणिले १२,००० गुणिले ६००, भागिले १०, वर्गमूळ काढा, १,२०० नग. वर्षात दहा ऑर्डरी. पुस्तकात हे एका पानात संपतं. मी हे आमच्या एका कास्टिंगला लावून बघितलं तर गंमत अशी की सूत्रातला ६०० चा आकडा कोणाकडेच नव्हता. ऑर्डर काढायला खर्च किती येतो? परचेसवाले म्हणाले काही नाही, ईमेल तर करायचा. मग इन्कमिंग इन्स्पेक्शन, गेट एन्ट्री, जीआरएन (माल मिळाल्याची पावती), बिल पासिंग सगळं मोजत बसलो तर तो आकडा भलताच निघाला, आणि त्यातला मोठा वाटा कोणाचा होता? इन्कमिंग इन्स्पेक्शनचा, म्हणजे क्यूए भाऊ तुमच्याच खात्याचा. लॉट लहान केले की तुमची तपासणी वाढते, मोठे केले की काकांचं व्याज वाढतं. हे भांडण कागदावर मांडता येणं हेच ऑपरेशन्सचं शिक्षण आहे, आणि ते फायनान्सच्या पेपरात मिळत नाही कारण तिथे ‘माल ४५ दिवस’ हा दिलेला आकडा असतो. तो ४५ का आहे हे विचारणारा पेपर आमचा.

लिनियर प्रोग्रॅमिंगला (मर्यादेत राहून सगळ्यात चांगला पर्याय काढायचं गणित) मात्र हात जोडून सांगतो, सिम्प्लेक्सचे तक्ते हाताने करायला लावतात, डोक्याला ताप आहे. एक्सेलमध्ये सॉल्व्हर नावाची सोय आहे ती शिक, परीक्षेत चालत नाही पण नोकरीत तेच चालतं.

-----

हिशेबनीस:

काका म्हणालात ते चालेल. ४५ दिवस का आहेत हे मला माहिती आहे, प्लॅनिंगवाल्यांमुळे आहेत.

-----

पंप_आणि_व्हॉल्व्ह:

🙏😂

-----

वाळूजची_एचआर:

मी एचआरला आहे, छत्रपती संभाजीनगर, ऑटोचीच कंपनी. गेली काही वर्षं इंटरनल प्रमोशनचे आणि बाहेरचे दोन्ही इंटरव्ह्यू घेते, त्यामुळे टेबलाच्या या बाजूने काय दिसतं ते सांगते. लांब होईल, सांभाळून घ्या.

दादा, तुमच्या एचआरने ‘एमबीए हवं’ लिहिलंय तर आधी ते पॉलिसीत नेमकं काय लिहिलंय ते वाचा. काही ठिकाणी ‘फुल टाइम’ शब्द असतो आणि मग सगळंच मुसळ केरात. नसेल तर मग त्यांना बघायची असते मान्यता. यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्येच स्पष्ट केलंय की मान्यताप्राप्त संस्थेची ओपन-डिस्टन्स किंवा ऑनलाइन डिग्री नेहमीच्या डिग्रीच्या बरोबरीची धरायची, मूळ नियम २०२० चे. पण ‘युनिव्हर्सिटी मान्यताप्राप्त आहे’ एवढं पुरत नाही. यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर त्या युनिव्हर्सिटीचा तोच प्रोग्राम त्याच सेशनसाठी यादीत आहे का ते बघायचं, कारण परवानगी प्रोग्रामगणिक आणि सेशनगणिक असते. आता तर त्याच साइटवर स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो, आधी एबीसी (क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा) आयडी मग तो, त्याशिवाय अ‍ॅडमिशन धरत नाहीत. हा आयडी तुम्ही स्वतः काढा, काउन्सेलरला ओटीपी देऊ नका. माझ्याकडे एक मुलगा आला होता त्याला फी भरून झाल्यावर कळलं की त्याला जे मिळणार होतं ते सर्टिफिकेट होतं, डिग्री नाही, पैसे गेले एका मधल्या कंपनीच्या खात्यात. यूजीसीच्या नियमात फ्रँचायझी चालतच नाही, फी थेट युनिव्हर्सिटीच्या खात्यात गेली पाहिजे. ‘दहा दिवसांत एमबीए’ म्हणून जाहिराती यायला लागल्या तेव्हा यूजीसीला २०२४ मध्ये वेगळी सूचना काढावी लागली होती, एवढं मार्केट गरम आहे.

डिग्री आणि डिप्लोमा पण बघा, नावं सारखी वाटतात. सिंबायोसिसचंच घ्या, एससीडीएलचा (त्यांची डिस्टन्सची संस्था) तो पीजी डिप्लोमा, आणि ऑनलाइन एमबीए डिग्री पाहिजे तर ती डीम्ड युनिव्हर्सिटीच्या एसएसओडीएलकडून (ऑनलाइन-डिस्टन्सचा विभाग). दोन्ही चांगलेच, पण पॉलिसीत ‘डिग्री’ लिहिलं असेल तर फरक पडतो.

आता स्पेशलायझेशन. खरं सांगू, बाहेरच्या उमेदवाराचं स्पेशलायझेशन मी बघते, आतल्या माणसाचं जवळजवळ नाही. आतल्या माणसाला प्लांट हेड एकच विचारतात, शिकलास त्यातलं इथे काय केलंस. तिथे ‘फायनान्स’ म्हणून चालत नाही आणि ‘ऑपरेशन्स’ म्हणूनही नाही. मागच्या वर्षी मेंटेनन्सचा एक जण होता, त्याने एमबीएचा प्रोजेक्ट आपल्याच प्लांटच्या स्पेअर पार्ट स्टोअरवर केला होता. कोणते स्पेअर वर्षानुवर्षं हललेच नाहीत, कोणते रात्री दोनला नसतात म्हणून लाईन थांबते, फोटोसकट. त्याचा प्रोजेक्ट रिपोर्ट प्लांट हेडने घरी नेला. बाकीचे रिपोर्ट कुठून कॉपी केले तेही आम्हाला कळतं, ‘अ स्टडी ऑन एम्प्लॉयी सॅटिस्फॅक्शन’ आणि शंभर जणांचे पाय चार्ट, कंपनीचं नाव बदललेलं पण एका पानावर जुनंच राहिलेलं.

ड्युअल स्पेशलायझेशन म्हणजे बहुतेक ठिकाणी दोन्हीकडचे दोन-तीन पेपर. पाच-सहा पेपरात दोन संसार. तुमच्यासारख्याला त्यातून काही मिळेल असं मला वाटत नाही, त्याचे जास्तीचे पैसे तर मुळीच देऊ नका.

एचआर घेणार असेल कोणी इथे वाचणारं तर त्यांनी एक बघा, लेबर लॉचा पेपर अपडेट झालाय का. नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड लागू झाले, २९ कायदे त्यात गेले. अजूनही नोट्समध्ये नुसता फॅक्टरीज अ‍ॅक्ट १९४८ आणि इंडस्ट्रियल डिस्प्युट्स अ‍ॅक्ट १९४७ शिकवत असतील तर तुम्ही इतिहास शिकताय.

-----

बँकेतला_सांगलीकर:

विषय थोडा वेगळा पण फायनान्सचं निघालं म्हणून. बँकेत असलेल्या कोणी नुसतं प्रमोशनसाठी ऑनलाइन एमबीए फायनान्स करत असेल तर आधी जेएआयआयबी-सीएआयआयबी (बँकवाल्यांच्या परीक्षा) काढा, त्याला इन्क्रिमेंट आहे, एमबीएला आमच्याकडे नुसती पाठीवर थाप. क्यूए साहेबांना हे लागू नाही. चालू द्या.

-----

चाकणचा_क्यूए:

सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. @वाळूजची_एचआर ताई, आज लंचला जाऊन पॉलिसी बघितली, ‘यूजीसी मान्यताप्राप्त पदव्युत्तर पदवी, व्यवस्थापन’ एवढंच आहे, फुल टाइम नाही लिहिलेलं. म्हणजे डिप्लोमा बाद, बाकी चालेल.

मॅडमना पिव्होट भाऊंनी सांगितल्याप्रमाणे सिलॅबसची पीडीएफ आणि असाइनमेंटचा नमुना मागितला, तेव्हापासून फोन यायचा बंद झालाय. हा उपाय रामबाण आहे, ज्यांना फोनचा त्रास असेल त्यांनी करून बघा.

अ‍ॅनालिटिक्स डोक्यातून काढलं. आता ऑपरेशन्स की फायनान्स. रात्री दोन्हीचे सिलॅबस समोरासमोर ठेवून बसलो. ऑपरेशन्समध्ये पाचपैकी चार पेपर वाचावेसे वाटले, फायनान्समध्ये दोन, पण ते दोन असे आहेत की ते मला कोणी ऑफिसात शिकवणार नाही. आणि कोअरमध्ये अकाउंटिंग आणि फायनान्शियल मॅनेजमेंट आहेतच सगळ्यांना, हे इग्नूवाल्या भाऊंनी सांगितलं नसतं तर लक्षातच आलं नसतं. मग मनात असं येतंय की स्पेशलायझेशन ऑपरेशन्स घ्यावं आणि प्रोजेक्ट हिशेबनीस सरांच्या विषयावर करावा, डेबिट नोटा घेऊन, वर्षभराच्या, पार्टनिहाय, खरा खर्च किती पडला. चालतं का असं? स्पेशलायझेशन एक आणि प्रोजेक्ट जरा दुसरीकडचा?

-----

पंप_आणि_व्हॉल्व्ह:

क्वालिटी कॉस्ट हा ऑपरेशन्सचाच विषय आहे हो, प्रिव्हेन्शन, अ‍ॅप्रेझल, इंटर्नल फेल्युअर, एक्स्टर्नल फेल्युअर (टाळणं, तपासणं, आत सापडलेलं, गिऱ्हाइकाकडे सापडलेलं) अशी चार खाती पुस्तकातच आहेत. काकांना श्रेय द्यायची गरज नाही 😄

-----

हिशेबनीस:

चार खाती पुस्तकात आहेत, आकडे माझ्याकडे आहेत. क्यूए, तुमच्या कॉस्टिंगवाल्याला आत्तापासून चहा पाजायला लाग. आणि अ‍ॅप्रेझल खात्यात तुझा स्वतःचा पगार टाकायला विसरू नकोस, सगळे विसरतात.

-----

वाळूजची_एचआर:

दादा, कंपनीची लेखी परवानगी आधी घ्या, डेबिट नोटवर कस्टमरचं नाव असतं. रिपोर्टमध्ये ‘कस्टमर अ, कस्टमर ब’ करा आणि रुपयांऐवजी निर्देशांक वापरा, पहिला महिना १०० धरून. प्लांट हेडना खऱ्या आकड्यांची वेगळी प्रत द्या.

-----

नाशिकचा_इग्नूवाला:

चालतं, फक्त सिनॉप्सिस (प्रोजेक्टचा आराखडा) आधी मंजूर करून घे, मंजुरीशिवाय रिपोर्ट लिहायला बसू नकोस. सिनॉप्सिससोबत गाईडचा सही केलेला बायोडेटा जोडावा लागतो, त्यामुळे गाईड लवकर शोध, तुमच्या कंपनीतले कोणी सिनियर एमबीए असतील आणि नियमात बसत असतील तर उत्तम, नाहीतर जवळच्या मॅनेजमेंट कॉलेजातल्या सरांना भेट. हे इग्नूचं झालं, दुसरीकडे जाणार असशील तर त्यांच्या हँडबुकात प्रोजेक्टचं प्रकरण आहे ते फी भरायच्या आधी वाच.

आणि परीक्षेचं राहिलंच. आमच्याकडे सेंटरवर जाऊन पेनाने लिहायची असते. खऱ्या ऑनलाइनवाल्यांची घरूनच, कॅमेरा चालू ठेवून, खोलीत दुसरं कोणी नको, मान वळवली तरी वॉर्निंग. अडीच वर्षांची मुलगी आहे म्हणालास, तर त्या तीन तासांसाठी मामाकडे, आजीकडे, कुठेतरी व्यवस्था करून ठेव, आणि मोबाईलचा हॉटस्पॉट बॅकअपला.

-----

चाकणचा_क्यूए:

आजी शेजारच्याच बिल्डिंगमध्ये आहे, ते जमेल. लाईट जाते त्याचं काय करतात? आमच्याकडे गुरुवारी जातेच.

-----

पिव्होट_टेबल:

स्लॉट निवडता येतो बहुतेक ठिकाणी, गुरुवार सोडून घे. लॅपटॉपची बॅटरी तीन तास टिकते का ते आदल्या रविवारी कॅमेरा चालू ठेवून बघ, कॅमेऱ्याने लवकर उतरते. राउटरला छोटा यूपीएस मिळतो तो पण घे.